मॅकबेथवरचा कमांडर डेक कसा बांधावा?

नमस्कार.

आपला प्रश्न मला समजला तो असा. शेक्सपिअरचे 'मॅकबेथ' आपले अत्यंत आवडते नाटक आहे आणि त्यावर आधारलेला 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाचा कमांडर डेक, म्हणजे एका म्होरक्या पत्त्याभोवती रचलेला शंभर पत्त्यांचा संच, बांधण्याचे आपण मनावर घेतले. चेटकिणी, खंजीर, भुते, राजवाडे, चालणारी झाडे असे नाव किंवा चित्र जुळणारे पत्ते आपण दोन महिने जमवले आणि उरलेल्या जागी लँड (माना, म्हणजे पत्ते खेळायला लागणारे इंधन, देणारे पत्ते) भरल्या. आता हा डेक जवळजवळ प्रत्येक डाव हरतो. शिवाय तो मॅकबेथवर आहे हे समोर बसलेल्यांना दर वेळी तोंडाने सांगावे लागते, याचे आपल्याला अधिक वाईट वाटते. कोणते पत्ते बदलावेत, असे आपण विचारले आहे.

पत्ते बदलावे लागतीलच, पण त्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. डेक हरतो आणि नाटक जाणवत नाही, या आपल्याला दोन तक्रारी वाटत असल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. नाव आणि चित्र पाहून निवडलेले पत्ते एकमेकांशी बोलत नाहीत. खंजिराचा पत्ता चेटकिणीच्या पत्त्याला काही मदत करत नाही, भुताचा पत्ता राजवाड्याला करत नाही. म्हणून डेक हरतो. आणि डाव चालू असताना पत्त्यावरचे नाव कोणी वाचत बसत नाही, तो पत्ता काय करतो एवढेच सगळे पाहतात. म्हणून नाटकही दिसत नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच यादीत आहे. 'रेजिसाइड', म्हणजे राजहत्या, हा पत्ता आपण पहिल्याच दिवशी घेतला असे लिहिले आहे. नावाने याहून जुळणारा पत्ता सापडणार नाही. पण हा पत्ता ड्राफ्टसाठी, म्हणजे खेळाडू टेबलावरच आळीपाळीने पत्ते निवडून डेक बांधतात त्या प्रकारासाठी, छापलेला आहे. ड्राफ्ट करताना आपण आणि आपल्या दोन्ही बाजूंचे खेळाडू मिळून जे रंग ठरवतात, त्याच रंगांच्या क्रीचरला (लढणाऱ्या जिवाच्या पत्त्याला) तो मारू शकतो. घरी बांधलेल्या डेकमध्ये असे रंग कोणी ठरवलेलेच नसतात, त्यामुळे तो कोणालाही मारू शकत नाही. राजहत्येच्या नावाचा हा पत्ता डावाच्या शेवटपर्यंत हातात पडून राहतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला येथून ठरवता येणार नाहीत. आपण चौघांत खेळता की दोघांत, हा पहिला मुद्दा. पुढे जे सांगणार आहे ते तीन किंवा चार खेळाडूंच्या डावासाठीच आहे. दोघांच्या डावात त्यातला मुख्य आधारच लंगडा पडतो. दुसरा मुद्दा सोबत्यांच्या डेकच्या ताकदीचा. २०२५ पासून कमांडरमध्ये डेकच्या ताकदीच्या पाच पायऱ्या मांडल्या गेल्या आहेत आणि त्यांतली पहिली पायरी विषयाला ताकदीपेक्षा वर ठेवणाऱ्या डेकसाठीच आहे. मी सांगतो तो डेक साधारण दुसऱ्या पायरीवर बसतो. आपले सोबती चौथ्या पायरीवर खेळत असतील, तर हा डेक तेथे टिकणार नाही. तिसरा मुद्दा पैशांचा, पण सुदैवाने या विषयाला लागणारे बहुतेक पत्ते महाग नाहीत, आणि जे महाग आहेत त्यांच्यावाचून अडत नाही.

मी स्वतः गेली बारा वर्षे कमांडर खेळत आहे आणि शोकांतिकांवर तीन डेक बांधले आहेत. त्यांपैकी इडिपसवरचा डेक मोडून टाकावा लागला, कारण त्यात मी आपण केलीत तीच चूक केली होती. त्यानंतर माझी पद्धत बदलली. पत्ते शोधण्याआधी मी नाटकातल्या फक्त क्रिया एका कागदावर लिहितो, पात्रे लिहीत नाही. मॅकबेथसाठी मी लिहिलेल्या क्रिया अशा होत्या: राजाला मारून मुकुट मिळवणे, तो मुकुट टिकवण्यासाठी पुन्हा मारणे, प्रत्येक वेळी स्वतःतले काहीतरी गमावणे, मेलेल्याने परत येऊन छळणे, हद्दपार झालेल्याने सैन्य घेऊन परतणे, आणि ज्या आश्वासनावर विसंबलो त्यानेच दगा देणे. हा कागद समोर ठेवला की पत्त्यांची निवड फार वेगळी होते.

या साऱ्या क्रिया ज्या एका वस्तूभोवती फिरतात, ती वस्तू म्हणजे मुकुट. वि. वा. शिरवाडकरांनी मॅकबेथचे मराठी रूपांतर केले तेव्हा नाटकाला नायकाचे नाव न देता 'राजमुकुट' हे नाव दिले. हे नाव माझ्या मनात होते, म्हणूनच मला या डेकचा कणा चटकन सापडला. मॅजिकमध्ये २०१६ साली आलेल्या 'कॉन्स्पिरसी: टेक द क्राउन' या संचात मोनार्क नावाची यंत्रणा आली. एखाद्या पत्त्यामुळे आपण मोनार्क होतो, आणि मोनार्क असेपर्यंत आपल्या प्रत्येक पाळीच्या शेवटी एक जादा पत्ता मिळतो. मात्र एखाद्या क्रीचरने मोनार्कवर हल्ला करून त्याला इजा केली, की मुकुट त्या क्रीचरच्या मालकाकडे जातो. एका वेळी टेबलावर मोनार्क एकच असतो. मुकुट एकदा डावात आला की तो कधीच नाहीसा होत नाही. मोनार्क डावातून बाद झाला तरी तो ज्याची पाळी चालू असेल त्याच्याकडे जातो. हिंसेने मिळणारा, हिंसेनेच जाणारा आणि सर्वांच्या नजरा ज्याच्यावर खिळल्या आहेत असा मुकुट या खेळात आयताच आहे. आपल्या यादीत मोनार्कचा एकही पत्ता नाही.

येथे एक बारकावा आहे आणि माझ्या मते साऱ्या डेकचे मर्म त्यातच आहे. मोनार्क कोणतेही क्रीचर होत नाही, तो खेळाडू होतो. मुकुट पत्त्याच्या डोक्यावर येत नाही, आपल्या डोक्यावर येतो. त्यामुळे मॅकबेथ कोणत्या पत्त्याला करायचे, हा जो प्रश्न आपल्याला दोन महिने छळतो आहे, तो सोडून द्यावा. खुर्चीवर बसून पत्ते धरणारे आपणच मॅकबेथ आहात. मग कमांडर कोण? मॅकबेथच्या मनातली इच्छा ओळखून त्याला कृतीकडे ढकलणारी त्याची बायको. त्यासाठी मी 'क्वीन मार्केसा' हा पत्ता निवडतो. एक लाल, एक पांढरा, एक काळा आणि एक कोणताही असा चार मानांचा हा पत्ता आहे; तीन ताकदीची, तीन दमाची ही राणी आल्या आल्या हल्ला करू शकते आणि तिच्या स्पर्शाने समोरचे क्रीचर मरते. ती टेबलावर येताच आपण मोनार्क होतो. नंतर कोणी मुकुट हिसकावून घेतला, तर आपल्या प्रत्येक अपकीपला (पाळीच्या आरंभी) ती एक मारेकरी टोकन, म्हणजे पत्त्याऐवजी मांडायचे क्रीचर, देते. ते एक ताकदीचे असते, त्याचाही स्पर्श प्राणघातक असतो आणि तेही लगेच हल्ला करू शकते. तिसऱ्या अंकात मॅकबेथने आपला मित्र बँको याच्यासाठी नेमलेले मारेकरी डोळ्यांसमोर आणावेत. मॅजिकच्या स्वतःच्या कथेतही या मार्केसाने मारेकरी नेमून पालियानोच्या राजाचा काटा काढला आणि सिंहासन घेतले, त्यामुळे हे कथानक पत्त्यावर ओढूनताणून चिकटवावे लागत नाही.

कमांडर मेला की त्याला परत आणण्यासाठी दर खेपेला दोन माना जादा मोजाव्या लागतात, हा नियम आपल्याला ठाऊकच आहे. मार्केसा पहिल्यांदा चारला येते, मग सहाला, मग आठला. नाटकात लेडी मॅकबेथ दुसऱ्या अंकापर्यंत सारे काही पेलत असते, मेजवानीच्या प्रसंगी नवऱ्याला सावरताना तिची दमछाक होते, आणि पाचव्या अंकात ती झोपेत हात धूत फिरते. तिची मदत उत्तरोत्तर महाग होत जाते, हे खेळाचा साधा नियमच आपल्यासाठी मांडून देतो.

आपण विचाराल की तिचाच दुसरा पत्ता, 'मार्केसा, द ब्लॅक रोझ', का नको. ती निळ्या, काळ्या आणि लाल रंगांची आहे, सर्वाधिक लाइफ (जे संपले की खेळाडू बाद होतो ते गुण) असलेल्या खेळाडूवर हल्ला करायला उत्तेजन देते, आणि पहिल्या दोन अंकांसाठी ती अगदी योग्य आहे. पण वाढीची खूण अंगावर असलेले आपले क्रीचर मेले, तर ती त्याला पाळीच्या शेवटी परत आणते. तिच्या डेकमध्ये मरणाला किंमतच उरत नाही. मॅकबेथमध्ये राजा डंकन एकदा मेला तो मेला, आणि बँको परत येतो तो जेवायला नव्हे, नुसते पाहायला. म्हणून मी ती बाजूला ठेवली. नुसता काळा डेक बांधावा असेही काही जण सुचवतील. तो अधिक भक्कम होईल हे खरे आहे, पण मॅकबेथला आपण काय मोडले हे कळते, म्हणूनच त्याची गोष्ट शोकांतिका ठरते. पांढरा रंग डेकमध्ये असला की मोडलेली ती सुव्यवस्था टेबलावर दिसत राहते.

हिरव्या रंगाबद्दल मात्र मी आग्रहाने सांगेन. चालणाऱ्या झाडांचे जे सात-आठ पत्ते आपण जमवले आहेत, ते सगळे काढून टाकावेत. मार्केसाच्या रंगांत ते बसत नाहीत ही अडचण तर आहेच, पण ती नसती तरी मी तेच सांगितले असते. बर्नमचे अरण्य डन्सिनेनच्या किल्ल्यावर चालून येते ते मॅकबेथच्या विरुद्ध. ते अरण्य आपल्या डेकमध्ये ठेवणे म्हणजे नाटकाची बाजूच बदलणे होय. ते समोरच्या हिरव्या खेळाडूकडे असू द्यावे. तो ते आणल्याशिवाय राहत नाही.

आता मुकुटाभोवतीचे पत्ते पाहू. 'थॉर्न ऑफ द ब्लॅक रोझ' हा चार मानांचा पत्ता टेबलावर येताच आपण मोनार्क होतो, आणि त्याचाही स्पर्श प्राणघातक असल्याने तो मुकुटाची राखण करतो.  तरीही कोणी मुकुट हिसकावला आणि मार्केसा टेबलावर असेल, तर तो आपला डंकन ठरतो. पुढच्या अपकीपला मारेकरी येतो, त्याच पाळीत तो राजावर धावून जातो आणि मुकुट परत मिळतो. 'कस्टोडी लिच' आणखी पुढे जातो. तो आला की आपण मोनार्क होतो, आणि ज्या ज्या वेळी आपण मोनार्क होतो त्या त्या वेळी आपण सांगू त्या खेळाडूला एका क्रीचरचा बळी द्यावा लागतो. मुकुट जात-येत राहिला की प्रत्येक राज्यारोहणाबरोबर एक मरण घडते. 'थ्रोन ऑफ द हाय सिटी' ही लँड आहे. चार माना मोजून तिचा त्याग केला की मुकुट आपला. लँडच्या जागेत बसत असल्याने ती ठेवायला काहीच जड जात नाही.

या गटातला माझा सर्वांत लाडका पत्ता 'पॅलेस जेलर' आहे. तो येताच आपण मोनार्क होतो आणि प्रतिस्पर्ध्याचे एक क्रीचर डावाबाहेर पाठवतो. ते कायमचे जात नाही. कोणी प्रतिस्पर्धी मोनार्क झाला की त्या क्षणी ते परत येते. डंकनच्या खुनानंतर इंग्लंडला पळून गेलेला त्याचा मुलगा माल्कम मॅकबेथचे आसन डळमळताच परत येतो, तो हाच. मी टेबलावर या पत्त्याखाली ठेवलेल्या क्रीचरला कधीच नाव देत नाही, पण दोन-तीन डावांनंतर समोरचे खेळाडू स्वतःहून त्याला माल्कम म्हणू लागतात. नाटक तोंडाने सांगण्याची गरज अशाच ठिकाणी संपते.

दुसरी क्रिया किंमत मोजण्याची. कमांडरमध्ये प्रत्येकाला सुरुवातीला चाळीस लाइफ मिळते आणि बहुतेक खेळाडू ते जपतात. आपण ते खर्च करायचे. 'अ‍ॅम्बिशन्स कॉस्ट' हा चार मानांचा पत्ता तीन पत्ते देतो आणि तीन लाइफ घेतो. त्याचे नावच महत्त्वाकांक्षेची किंमत असे आहे, आणि येथे नाव आणि काम दोन्ही जुळतात. 'नाइट्स व्हिस्पर' दोन पत्ते देऊन दोन लाइफ घेतो. 'फिरेक्सियन अरीना' दर अपकीपला एक पत्ता देतो आणि एक लाइफ घेतो. नावाने त्याचा मॅकबेथशी काही संबंध नाही, आणि तरी माझ्या दृष्टीने निद्रानाशाचा याहून नेमका पत्ता दुसरा नाही, कारण तो एकदा मांडला की थांबवता येत नाही. 'कॅसल लॉक्थ्वेन' हा किल्ला लँडच्या जागी बसतो, मागितल्यावर पत्ता देतो आणि त्यानंतर हातात जितके पत्ते असतील तितके लाइफ घेतो. डाव मध्यावर येईपर्यंत आपण बाविसाव्या-पंचविसाव्या लाइफवर असावे आणि ते मुख्यतः आपल्याच हाताने गेलेले असावे. तसे होत असेल, तर डेक बरोबर बांधला गेला आहे असे समजावे.

चेटकिणींसाठी आपण बारा पत्ते घेतले आहेत. त्यांतले दहा काढावेत आणि 'मॅजिक २०१४' या कोअर सेटमधले तीन पत्ते मिळवावेत. 'बॉगब्रू विच' ही चेटकीण, 'फेस्टरिंग न्यूट' हा सरड्यासारखा छोटा प्राणी आणि 'बबलिंग कॉल्ड्रन' ही खदखदणारी कढई. चौथ्या अंकाच्या आरंभी चेटकिणी कढईत जे जे टाकतात त्यात न्यूटचा डोळा आहे, हे आपल्याला आठवत असेलच. ही चेटकीण दोन माना घेऊन डेकमधून न्यूट किंवा कढई शोधून थेट टेबलावर आणते. कढईत न्यूटचा बळी दिला की प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचे चार लाइफ जाते आणि जेवढे गेले तेवढे आपल्याला मिळते. चौघांच्या डावात तीन प्रतिस्पर्धी असल्याने एका घासात बारा. शिवाय मरताना न्यूट प्रतिस्पर्ध्याच्या एका क्रीचरची ताकद आणि दम एकाने कमी करतो, आणि चेटकीण टेबलावर असेल तर चाराने. तिघे मिळून जागा तीनच घेतात, महाग नाहीत, आणि कढईवर न्यूटचा पत्ता आडवा ठेवून तो ग्रेव्हयार्डमध्ये (मेलेल्या पत्त्यांच्या ढिगात) सरकवताना जे होते ते पाहणाऱ्याला वेगळे समजावून द्यावे लागत नाही. त्यांच्या जोडीला 'व्हिसेरा सीअर' ठेवावा. तो एक क्रीचर बळी देऊन डेकमधला वरचा पत्ता पाहू देतो आणि नको असेल तर तळाशी घालू देतो. भविष्य कळते, पण रक्त देऊन. चेटकिणींची भेट ज्या ओसाड माळावर होते त्यासाठी 'बॅरन मूर' ही लँड आहे. ती साधीच आहे, नको त्या वेळी हातात आली तर एक काळा माना देऊन टाकून देता येते आणि बदल्यात दुसरा पत्ता घेता येतो.

बँकोसाठी मी 'ब्लाइंड हंटर' वापरतो. त्यात झपाटण्याची जुनी यंत्रणा आहे: ते क्रीचर मेले की दुसऱ्या एका क्रीचरला झपाटून बसते, आणि ते क्रीचर मेले की आपल्या निवडीच्या खेळाडूचे दोन लाइफ आपल्याकडे येते. 'ग्रेव्ह पॅक्ट' असला की आपले क्रीचर मेल्यावर इतर प्रत्येकाला एकेक बळी द्यावा लागतो. तो मात्र सोबत्यांना विचारून ठेवावा, कारण त्यामुळे डाव फार रखडतो. चेटकिणींच्या खोट्या आश्वासनासाठी एकच पत्ता पुरे आहे आणि तो म्हणजे 'प्लॅटिनम एंजल'. तो टेबलावर असेपर्यंत आपण हरू शकत नाही. सात माना लागतात, सगळे टेबल तत्काळ त्याच्या मागे लागते, आणि ज्या क्षणी कोणाच्या तरी हातून तो जातो त्या क्षणी आतापर्यंत अडवून धरलेले सारे मरण एकदम अंगावर येते. 'स्त्रीने जन्म दिलेला कोणीही तुला इजा करणार नाही' हे ऐकून निर्धास्त झालेल्या मॅकबेथची अवस्था याहून जवळून अनुभवता येणार नाही.

आकडे थोडक्यात सांगतो. कमांडर १, लँड ३७, मानासाठीचे दगड आणि सिग्नेट ९, मुकुटाचे पत्ते १०, लाइफ देऊन पत्ते मिळवणारे १०, मारणारे ११ (त्यांत सगळे टेबल साफ करणारे तीन), चेटकिणी आणि बळी ८, भुते आणि सूड ९, डाव संपवणारे ५. एकूण शंभर. मॅकबेथ ही शेक्सपिअरची सर्वांत आटोपशीर शोकांतिका आहे. खऱ्या मॅकबेथने स्कॉटलंडवर १०४० ते १०५७ अशी सतरा वर्षे राज्य केले, पण नाटकात सारे एका दमात घडते आणि दुसऱ्या अंकातच राजा मेलेला असतो. म्हणून डेकही चपळ हवा. सहा-सात मानांचे पत्ते मिळून सहाच्या वर जाऊ नयेत आणि चौथ्या पाळीला मार्केसा टेबलावर आलीच पाहिजे. आपल्या यादीत असे जड पत्ते एकोणीस आहेत. डेक हरण्याचे ते एक साधे, विषयाशी असंबद्ध कारण आहे.

आता सर्वांत अवघड मुद्दा. शोकांतिकेचा नायक शेवटी पडतो, आणि डेक तर जिंकण्यासाठी बांधायचा असतो. मुद्दाम हरणारा डेक मी कधीही बांधणार नाही, कारण समोरच्या तिघांनी आपला वेळ खऱ्या डावासाठी दिलेला असतो. माझा मार्ग असा आहे की जिंकण्याची एक अरुंद पण खरी वाट ठेवायची, आणि ती वाट चुकली तर आपण मोजलेल्या किमतीनेच आपला शेवट व्हावा अशी रचना करायची. त्यासाठी 'रिपे इन काइंड' हा सात मानांचा पत्ता हवा. तो खेळला की प्रत्येकाचे लाइफ टेबलावरच्या सर्वांत कमी लाइफइतके होते. डावभर आपण रक्त सांडून ज्या तळाला आलो, त्या तळाला सगळे येतात. त्यानंतर कढई आणि 'झुलापोर्ट कटथ्रोट' (आपले क्रीचर मेले की प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचे एक लाइफ घेणारा पत्ता) काम संपवतात.

यातला एक डाव मला अजून लख्ख आठवतो. चौघांपैकी एक बाद झाला होता. मी पाच लाइफवर होतो, कढई आणि न्यूट मांडलेले होते, हातात रिपे इन काइंड आणि कटथ्रोट. माझ्याकडे आठ माना होते. मुकुट हिरव्या डेकच्या खेळाडूकडे गेला होता आणि मार्केसा तिसऱ्यांदा आणायला नेमके आठच माना लागत होते. मी तिला आणले. मुकुट परत आला, एक जादा पत्ता मिळाला. पुढच्या पाळीला माझ्याकडे नऊ माना झाले. सात मानांचा रिपे इन काइंड खेळलो, दोघेही प्रतिस्पर्धी पाचवर आले. आठवा माना घालून न्यूट कढईत टाकला आणि ते दोघेही एका लाइफवर उरले. माझे लाइफ तेरा झाले. दोन मानांचा कटथ्रोट हातातच होता आणि उरला होता एक माना. आधीच्या पाळीला मुकुटाचा मोह सोडून तो खेळलो असतो, तर न्यूट मरताना प्रत्येकाचे आणखी एक लाइफ गेले असते आणि डाव तेथेच माझा झाला असता. पुढची पाळी हिरव्या खेळाडूची होती. त्याने वृक्षमानवांचे सारे सैन्य माझ्यावर लोटले आणि मी संपलो. समोरच्या मुलीने पत्ते आवरताना विचारले, "हे मॅकबेथ आहे का?" मी त्या दिवशी कोणालाच काही सांगितलेले नव्हते.

तेव्हा आपण पुढे असे करावे. जमवलेल्या पत्त्यांमधून प्रत्येक पत्ता हातात घेऊन, त्याचे नाव आणि चित्र अंगठ्याने झाकून, खालचा मजकूर तेवढा वाचावा आणि वर दिलेल्या सहा क्रियांपैकी कोणती घडते ते पाहावे. कोणतीच घडत नसेल तर पत्ता बाजूला ठेवावा. माझ्या अंदाजाने आपल्याकडे वीसच्या आसपास पत्ते उरतील. बाजूला काढलेल्यांतले सुंदर चित्रांचे पत्ते टोकनच्या जागी वापरता येतात. खंजिराचे चित्र असलेला पत्ता मारेकऱ्याचे टोकन म्हणून मी आजही वापरतो. नवे पत्ते विकत घेण्याआधी मार्केसा, जेलर, थॉर्न, लिच, चेटकिणींचे त्रिकूट, रिपे इन काइंड आणि कटथ्रोट एवढे कागदावर लिहून, जुन्या पत्त्यांच्या कव्हरमध्ये घालून, सोबत्यांच्या संमतीने चार-पाच डाव खेळून पाहावेत. त्या डावांत मुकुट किती वेळा हात बदलतो ते मोजून ठेवावे. तीनहून कमी वेळा बदलत असेल, तर 'घोस्टली प्रिझन'सारखे आपले रक्षण करणारे पत्ते जास्त झाले आहेत, ते दोनवर आणावेत. सातहून अधिक वेळा बदलत असेल, तर प्राणघातक स्पर्श असलेले स्वस्त क्रीचर आणखी तीन-चार घालावेत. नवी यादी तयार झाली की कळवावे, मी पत्ता-पत्ता पाहून देईन.